सहा दिवसांची शांत आई

चिमटीच्या आईचा आवाज तिसऱ्या मजल्यावर निघाला की तळमजल्यावरची मुलंसुद्धा दात घासायला पळत. हा आवाज तिला जन्मतः मिळालेला नव्हता. लग्नाआधी ती इतकं हळू बोलायची की दुकानदार तिला दोनदा विचारायचे, काय हवंय म्हणून. मग चिमटी झाली, तीन वर्षांनी गोटू झाला, आणि तो आवाज कमावला गेला. गवयी लोक पहाटे उठून रियाज करतात. हिचा रियाज सकाळी सातला मोज्यांपासून सुरू व्हायचा आणि रात्री नऊला दिवा बंद करेपर्यंत चालायचा.

चिमटी साडेपाच वर्षांची. नाव तिनं स्वतःच्या कर्तृत्वावर मिळवलेलं होतं. वर्गातल्या चौदा मुलांचे दंड त्याला साक्षी होते. गोटू अडीच वर्षांचा, आणि त्याला जमिनीवर आडवं पडण्याची कला अवगत होती. कुठेही, कोणत्याही कारणासाठी, क्षणात. या दोघांचा बाप लिफ्ट बसवण्याचं काम करायचा. माणूस भला, पण लिफ्ट नेमक्या दुसऱ्याच गावात बसवायच्या असत. त्या रविवारी दुपारी तो नऊ दिवसांसाठी निघून गेला आणि संध्याकाळी गोटूनं आईचा एकुलता एक बरा बूट कमोडमध्ये सोडला. चिमटीनं तो खाली जावा म्हणून वरून पाणी ओतलं. मदत करायची तिला फार हौस.

त्यानंतर पाऊण तास चिमटीची आई जे काही बोलली ते चार मजल्यांनी ऐकलं. घसा आधीच सर्दीनं खवखवत होता. शेवटचं वाक्य तिनं तारस्वरात पूर्ण केलं आणि पुढचं सुरू करायला तोंड उघडलं, तर आतून नुसती हवा आली.

सोमवारी सकाळी चिमटीला बालवाडीत सोडून, गोटूला काखोटीला मारून ती डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं घशात बॅटरी मारली, आत बघितलं आणि एखाद्या जुन्या इमारतीची पाहणी केल्यासारखी मान हलवली.

"सुजलंय. आठ दिवस बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. शिक्षिका आहात का?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि गोटूकडे बोट दाखवलं. गोटू तेव्हा वजनकाट्यावर आडवा पडला होता.

"अच्छा," डॉक्टर म्हणाला, आणि त्यानं औषध दुप्पट लिहून दिलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलं व्हायच्या आधी ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. फ्रेम समोर ठेवून काचेची कड मशीनवर अशी उतरवायची की काच फ्रेममध्ये टिचकन बसावी, ना सैल ना घट्ट. तिच्या हातची काच कधी परत आली नाही. चष्मेवाले काका तिला अजून विसरले नव्हते. त्यांनी निरोप पाठवला होता: "एक तारखेला मशीनवर माणूस हवाय. तू येत असशील तर तू, नाहीतर मला दुसरी बघावी लागेल." एक तारीख बारा दिवसांवर होती. चिमटीच्या बालवाडीत दिवसभराचा वर्ग होता, त्यात गोटूला जागा मिळाली तरच ती मशीनवर बसू शकत होती. जागा एकच रिकामी होती आणि अर्ज अकरा. साडेपाच वर्षं तिनं स्वतःचं म्हणावं असं एकही काम केलं नव्हतं. ते मशीन तिला हवं होतं, अगदी जीव तोडून हवं होतं, आणि हे ती कुणाला बोलून दाखवत नव्हती, कारण आईनं मुलांपासून आठ तास लांब राहायला इतकं उत्सुक असणं बरं दिसत नाही म्हणे.

जागा देणं मोठ्या बाईंच्या हातात होतं. मोठ्या बाई म्हणजे बालवाडीच्या प्रमुख. पांढरे केस, कडक इस्त्री आणि आवाज इतका हळू की ऐकायला खोलीतला पंखा बंद करावा लागे. त्यांच्या दारावर पाटी होती: 'इथे कोणी ओरडत नाही.' चिमटीची आई त्या पाटीसमोरून जाताना नेहमी थोडी वाकून जायची.

सोमवारी दुपारी ती चिमटीला न्यायला गेली तेव्हा गोटूनं फाटकातच अंग टाकलं. कारण काय, तर फाटकाची कडी त्याला घरी न्यायची होती. ती उकिडवी बसली, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून सर्व ताकदीनं ओरडली. आवाज काही आला नाही. गोटूनं आईचं ते वासलेलं, नि:शब्द तोंड पाहिलं. असं काही त्यानं आजवर पाहिलं नव्हतं. तो उठून उभा राहिला आणि तिचं बोट धरलं.

हे मोठ्या बाईंनी खिडकीतून पाहिलं, तेही पाठमोरं. म्हणजे तोंड काही दिसलं नाही. त्या लगबगीनं खाली आल्या.

"अहो आई, तीस वर्षं मी या फाटकात मुलं लोळताना बघतेय. धपाटा बघितला, चॉकलेट बघितलं, फरफटत नेणं तर रोजचंच. पण एक शब्द न बोलता, नुसतं जवळ बसून? हे नाही बघितलं कधी."

चिमटीच्या आईनं गळ्याला हात लावला आणि मान हलवली.

"कळतंय मला," मोठ्या बाई म्हणाल्या. "गहिवरून आलंय तुम्हाला. आपलं कौतुक कोणी करतच नाही हो."

ती घाईघाईनं पर्समध्ये पेन शोधू लागली. घसा बसलाय, एवढे दोन शब्द लिहायचे होते. पेन सापडलंसुद्धा. तेवढ्यात मोठ्या बाई पुढे म्हणाल्या, "शनिवारी पालकांची सभा आहे. तुम्ही बोला. न ओरडता मुलं कशी वाढवावीत, यावर. आणि हो, तुमच्या धाकट्याचा अर्ज पाहिलाय मी. काय ते या आठवड्यात कळवते."

पेन पर्समध्ये परत गेलं. खोटं ती काही बोलली नाही. बोलणारच कशी?

घरी मात्र चमत्कार सुरू झाला. आईनं टाळी वाजवली की चिमटी समोर हजर. एक टाळी म्हणजे या, दोन म्हणजे जेवा, तीन म्हणजे झोपा. रोज सकाळी एक बूट दिवाणाखाली आणि दुसरा देवाला ठाऊक कुठे, ते आता जोडीनं दाराशी. दूध प्यायलेलं, पेला धुतलेला, आणि वर गोटूच्या तोंडात घास भरवणं. "आ कर, गोटू. पटकन खा. आई बघतेय." हे चिमटी अगदी दबक्या आवाजात म्हणायची. संध्याकाळी आईच्या उशीवर एक चित्र ठेवलेलं असे: मोठी बाई, दोन छोटी माणसं, वर सूर्य. मंगळवारी एक होतं, बुधवारी तीन.

चिमटीच्या आईला स्वतःचा अभिमान वाटू लागला. आपण साडेपाच वर्षं उगाचच घसा फोडला! मुलांना ओरडायची गरजच नसते. आईनं नुसतं शांत राहायचं असतं. तिला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं याचा थोडा रागही आला. नवऱ्याचा फोन आला की ती टिचकी मारून हो-नाही सांगायची. "घरात इतकी शांतता?" तो म्हणाला. "फोन चुकीच्या घरी लागला की काय?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसून, लिफ्टची दोरी बघायची आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

बुधवारी दुपारी, मुलं झोपलेली असताना, न्हाणीघरात तिच्या पायाची करंगळी स्टुलावर आपटली. "आई गं!" असा खणखणीत आवाज झाला. ती दचकली. कोण आलं म्हणून तिनं मागे वळून पाहिलं. मग कळलं.

तिनं दार लावलं, नळ सोडला आणि आवाज तपासला. एक ते दहा म्हटले. दूर असलेल्या लिफ्टवाल्या नवऱ्याला चार गोष्टी सुनावल्या. सगळं जागच्या जागी होतं. विश्रांतीनं उलट जरा धारच आली होती.

आता कोणीही सरळ बाई काय करेल? बाहेर येऊन मुलांना हाक मारेल. तिच्याही अगदी ओठांवर आलं होतं. पण चिमटीच्या पोटात काही राहत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. बाप घोरतो कसा, हे तिनं वर्गात करून दाखवलं होतं, आणि मोठ्या बाई त्या वेळी दारात उभ्या होत्या. आई आता परत ओरडायला लागली, हे गुरुवारी सकाळी नऊ वाजता सगळ्या बालवाडीला कळलं असतं. शनिवार तीन दिवसांवर होता. तीन दिवस तर काढायचे, आणि मुलं किती गुणी झालीत! तिनं नळ बंद केला, बाहेर आली आणि एक टाळी वाजवली.

त्या रात्री चिमटी अंथरुणातून विचारती झाली, "आई, मी आज कशी वागले?" आईनं हसून तिच्या गालाला हात लावला आणि दिवा बंद केला. फार छान उत्तर दिलं असं तिला वाटलं.

शनिवारी सभेला चाळीसेक पालक आले. मुलं शेजारच्या खोलीत ठोकळ्यांपाशी. खुर्च्या बालवाडीच्याच, त्यामुळे बसल्यावर सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते आणि मोठमोठे हुद्देदार लोकसुद्धा आता कान पकडावे लागणार असे दिसत होते. चिमटीची आई उभी राहिली आणि कुजबुजली. आयुष्यात पहिल्यांदा ती ठरवून खोटं कुजबुजत होती, आणि ते इतकं छान जमलं की तिचं तिलाच नवल वाटलं. चाळीस माणसं पुढे झुकली. कोणाचा मोबाईल वाजला तर शेजारच्यानं त्याच्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं.

"मी विशेष काही करत नाही," ती म्हणाली. हे खरंच होतं. "मी फक्त बोलत नाही."

एका बापानं वहीत लिहिलं: फक्त बोलू नका. खाली दोन रेघा मारल्या.

"पण मूल ऐकलंच नाही तर?" मागून एका आईनं विचारलं. तिच्या ओढणीला रंगाचे पाच बोटांचे ठसे होते.

"थांबायचं."

"किती वेळ?"

"ते स्वतःहून येतं," चिमटीची आई म्हणाली. "मुलांना आतून कळतं. माझी मुलगी आता न सांगता बूट जागेवर ठेवते. भावाला भरवते. चित्रं काढून देते."

ठसेवाल्या आईनं डोळे पुसले. वहीवाल्या बापानं पान उलटलं. शेवटी टाळ्या झाल्या, आणि त्याही हळू, कारण आता कोणाचीच जोरात वाजवायची हिंमत नव्हती. चिमटीच्या आईला लोकांनी असं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की तिला खाली उतरावंसं वाटेना. ती ओसरत्या गर्दीतून मान लववत बाहेर व्हरांड्यात आली. तिथे चहा होता, आणि मोठ्या बाई होत्या.

"सुंदर बोललात," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण त्या पत्राचं काय? सही करून दिलं नाहीत अजून."

कोणतं पत्र, असं तिनं भुवयांनी विचारलं.

"अहो, मंगळवारी चिमटीजवळ दिलं होतं. धाकट्याची जागा मंजूर झाल्याचं. आज बारापर्यंत सही आली नाही तर पुढच्या नावाला द्यावी लागते, नियम आहे. मला वाटलं, तुमचा विचार बदलला." त्यांनी घड्याळ बघितलं. "वीस मिनिटं आहेत."

चिमटीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. मंगळवारी! दप्तर तर ती रोज संध्याकाळी उपडं करायची, खोडरबराचे तुकडे आणि चघळलेल्या पेन्सिली मोजत, ओरडत. या आठवड्यात ते करावंच लागलं नव्हतं. चिमटीच आपलं दप्तर नीट आवरून खुंटीला लावत होती, आणि आई ते पाहून खूश होत होती.

तिनं ठोकळ्यांच्या खोलीतून चिमटीला बाहेर आणलं, गुडघ्यांवर बसली आणि कुजबुजली, "मंगळवारी बाईंनी पत्र दिलं होतं ना? कुठंय?"

चिमटीनं मान हलवली. नाही.

"नीट आठव. दप्तरात आहे? घरी आहे?"

चिमटीनं पुन्हा मान हलवली. तिचा एक हात फ्रॉकच्या खिशावर घट्ट दाबलेला होता. चेहरा पांढरा पडला होता.

"चिमटे, बघ, फार महत्त्वाचं आहे ते."

चिमटी एक पाऊल मागे सरकली. घड्याळाचा काटा पुढे सरकला. आणि चिमटीच्या आईचा सहा दिवसांचा बांध फुटला.

"चिमटे! पत्र कुठंय ते सांगतेस की नाही!"

व्हरांड्यातले सगळे चहाचे कप जागच्या जागी थांबले. ठोकळ्यांच्या खोलीत एक मनोरा कोसळला आणि आतली सगळी मुलं आपापल्या जागी जाऊन बसली. वहीवाल्या बापानं वही मिटली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला. संपलं, चिमटीच्या आईला वाटलं. आता जागाही गेली आणि अब्रूही.

पण चिमटी आईच्या तोंडाकडे बघत होती. मघाची कुजबूज तिच्या हिशेबी बोलणं नव्हतंच; आईचा आवाज हा होता. मग ती मोठ्यानं रडत, धावत आईच्या गळ्यात येऊन पडली. "गोटू! आई बोलली! गोटू, ये, आई बोलली!"

"अगं, मी तर..."

"तू रविवारी म्हणालीस ना," चिमटी हुंदके देत म्हणाली, "आता मी तुमच्याशी एक शब्दही बोलणार नाही. आणि खरंच नाही बोललीस. मी बूट नीट ठेवले तरी नाही. गोटूला भरवलं तरी नाही. चित्र दिलं तरी नाही."

हे वाक्य चिमटीची आई दर रविवारी म्हणायची. कधी कधी मंगळवारीही. आजवर कोणी ते मनावर घेतलं नव्हतं, तिनं स्वतःही नाही, आणि या रविवारी बूट कमोडमध्ये असताना आपलं शेवटचं वाक्य कोणतं होतं हे तिला आठवतसुद्धा नव्हतं.

चिमटीनं खिशातून कागद काढला. घडीवर घडी घालून तो खोडरबराएवढा झाला होता. चार दिवसांत चार फ्रॉक बदलले होते, आणि दर सकाळी तिनं तो एका खिशातून दुसऱ्या खिशात ठेवला होता.

"शिक्का आहे यावर," ती म्हणाली. "शिक्क्याचं पत्र म्हणजे माझी तक्रार असते. मी कोणालाच चिमटा नाही काढला, तरी आलं. तू आधीच बोलत नव्हतीस. हे वाचलं असतंस, तर तू गेली असतीस."

"कुठे गेले असते?"

"बाबा जातो तिथे."

चिमटीच्या आईनं कागद उलगडला. आईच्या नोकरीची निकड व घरी सांभाळायला दुसरे कोणी नसणे लक्षात घेऊन, असं त्यात लिहिलं होतं. शांतपणाचा त्यात कुठे उल्लेखही नव्हता. तारीख मंगळवारची. तिनं मनात दिवस मोजले. जागा मंगळवारी मिळाली होती. आवाज बुधवारी परत आला होता. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, आणि ही सकाळ. आवाज होता, आणि समोर पोर तो ऐकण्यासाठी जिवाचं रान करत होतं, आणि आपण टाळ्या वाजवत होतो. तिला इतकी शरम वाटली की मान वर करवेना. आताच चाळीस माणसांना आपण काय काय लिहून घ्यायला लावलं, तेही एकेक करून आठवलं.

मोठ्या बाईंनी पेन पुढे केलं. तिनं गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. सही वेडीवाकडी आली, कारण एक हात चिमटीनं सोडलाच नव्हता. बाराला आठ मिनिटं होती.

"म्हणजे सोमवारी गळ्याला हात लावलात तो यासाठी! आवाज कधी आला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"बुधवारी," चिमटीची आई म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. ठसेवाली आई तिच्याकडे बघत होती, तिच्याकडेही ती वळली. "ताई, ते लिहून घेतलेलं फाडून टाका. माझा घसा बसला होता. पोरगी घाबरून नीट वागत होती आणि मला ते कळलं नाही."

मग तिनं चिमटीचं नाक आपल्या पदराला पुसलं. गोटू एव्हाना तिच्या पायाशी येऊन आडवा पडला होता.

"मी कुठेही जाणार नाहीये, कळलं का गं बावळट?" ती म्हणाली. आवाज व्हरांडाभर गेला. दारावरच्या पाटीपर्यंत गेला.

चिमटीनं डोळे मिटले.

"परत म्हण," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."